अवकाशातील प्रसिद्ध चित्रांमधले रंग कुठून येतात?

दर वर्षी दिवाळीच्या सुमारास कोल्हापुरातल्या बहुतेक घरांतल्या मोबाइलवर एक चित्र फिरत फिरत येऊन पोहोचते. काळ्या पार्श्वभूमीवर भारताचा नकाशा, त्यावर पांढऱ्या, निळ्या, हिरव्या आणि लाल दिव्यांचा सडा, आणि खाली ‘दिवाळीच्या रात्री उपग्रहातून दिसलेला भारत’ अशी ओळ. चित्र खरे आहे, ओळ खोटी आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या हवामान उपग्रहांनी अनेक वर्षे टिपलेल्या रात्रीच्या दिव्यांच्या नोंदी एकत्र करून ख्रिस एल्विज या शास्त्रज्ञांनी ते २००३ मध्ये तयार केले. १९९२ च्या आधीपासून दिसत असलेले दिवे त्यांनी पांढरे दाखवले, १९९२ मध्ये नव्याने दिसू लागलेले निळे, १९९८ मधले हिरवे आणि २००३ मधले लाल. हा एका रात्रीचा फोटो नसून शहरे कशी पसरत गेली हे सांगणारा नकाशा आहे. नासाने २०१२ मध्ये याचा खुलासा केला आणि त्या वर्षीच्या दिवाळीच्या रात्रीचे खरे उपग्रहचित्रही प्रसिद्ध केले. त्यात भारत इतर कोणत्याही रात्री दिसतो तसाच दिसतो, कारण पणत्यांचा आणि आकाशकंदिलांचा वाढीव उजेड अवकाशातून वेगळा ओळखू येण्याइतका नसतो.

या एका चित्राबाबत जे घडले, तेच तारे, तेजोमेघ (वायू आणि धुळीचे चमकणारे ढग), दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचे समूह) आणि कृष्णविवरे यांच्या प्रसिद्ध चित्रांबाबत रोज घडत असते. आपण त्यांना फोटो समजतो आणि त्यांतले रंग डोळ्यांना दिसतील तसे आहेत असे गृहीत धरतो. मग कधीतरी कोणीतरी सांगते की हे रंग संगणकावर दिलेले आहेत, आणि सगळे चित्रच बनावट असल्याचा समज होतो. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. अशा चित्रातला रंग म्हणजे एखाद्या मोजमापाची खूण असते, आणि ती खूण वाचता आली की चित्रातून मिळणारा आनंद कमी न होता वाढतो, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात कॅमेऱ्यापासून करू. मोबाइलमधला असो किंवा हबल दुर्बिणीतला, संवेदक फक्त एकच काम करतो. त्याच्या प्रत्येक बारीक चौकटीवर प्रकाशाचे किती कण पडले, हे तो मोजतो. रंग त्याला कळत नाही. मोबाइलमध्ये या चौकटींवर लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरचे सूक्ष्म तुकडे कायमचे बसवलेले असतात आणि शेजारशेजारच्या चौकटींच्या आकड्यांवरून रंगाचा हिशेब केला जातो. खगोलशास्त्रज्ञांना इतकी ढोबळ विभागणी पुरत नाही. म्हणून त्यांच्या कॅमेऱ्यात पूर्ण संवेदकासमोर एका वेळी एकच फिल्टर येतो, त्यातून एक कृष्णधवल चित्र घेतले जाते, मग फिल्टर बदलून दुसरे, मग तिसरे. हे फिल्टर कधीकधी इतके अरुंद असतात की एकाच मूलद्रव्याने सोडलेला प्रकाश तेवढा आत येतो. अवकाशात फिरणाऱ्या दुर्बिणीवर वैश्विक किरणांचा मारा सतत चालू असतो आणि त्यांतला एखादा कण संवेदकाला धडकला की चित्रावर पांढरा ओरखडा उमटतो. त्यामुळे एकाच फिल्टरमधून किमान दोन चित्रे घेतात, ती ताडून पाहतात, आणि जे एकातच आहे ते काढून टाकतात. एवढी साफसफाई झाल्यावरच रंगांचा प्रश्न येतो.

या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’ या नावाने ओळखले जाणारे चित्र. भुजंग तारकासमूहातल्या गरुड तेजोमेघाचा हा मधला भाग, आपल्यापासून सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे दूर. १ एप्रिल १९९५ रोजी जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी हबल दुर्बिणीतून ही निरीक्षणे घेतली. चित्राचा वरचा उजवा कोपरा पायऱ्या कापल्यासारखा काळा का आहे, असे अनेकांना वाटते. त्या कॅमेऱ्यात चार संवेदक होते, त्यांतला एक लहान भाग अधिक मोठा करून दाखवणारा होता, आणि त्याचे चित्र इतरांच्या प्रमाणात लहान करून बसवले की तेवढी जागा रिकामी उरते. कोणी काही लपवल्याची ती खूण नाही.

आता रंग पाहू. या चित्रासाठी तीन मूलद्रव्यांचा प्रकाश वेगवेगळा टिपला गेला. हायड्रोजन ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीला (म्हणजे प्रकाशलहरीच्या लांबीला, जिच्यावरून रंग ठरतो) चमकतो, एक इलेक्ट्रॉन गमावलेले गंधक ६७२ च्या आसपास, आणि दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन ५०१ च्या आसपास. यांतले पहिले दोन्ही आपल्या डोळ्यांना लालच दिसतात. म्हणजे आपण तिथे जाऊन पोहोचलो आणि तो प्रकाश डोळ्यांना पुरेल इतका असला, तरी हायड्रोजन कुठे आहे आणि गंधक कुठे आहे हे आपल्याला सांगता आले नसते. म्हणून गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग देण्यात आला. या तिघांत गंधकाची तरंगलांबी सर्वांत जास्त आणि ऑक्सिजनची सर्वांत कमी असल्यामुळे हा क्रम मनमानीचा नाही. निसर्गातला चढउतार तसाच राहतो, फक्त त्याचा पल्ला रुंद होतो. शास्त्रज्ञांच्या आणि हौशी आकाशछायाचित्रकारांच्या बोलण्यात याला ‘हबल पॅलेट’ म्हणतात आणि आज पुण्या-कोल्हापुरातले हौशी लोकही आपल्या छोट्या दुर्बिणींसाठी हेच तीन फिल्टर वापरतात.

हे चित्र मोबाइलवर मोठे करून डाव्या, सर्वांत उंच खांबाच्या टोकाकडे पाहावे. एकट्या या खांबाची लांबी सुमारे चार प्रकाशवर्षे आहे, म्हणजे सूर्यापासून त्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंत जितके अंतर आहे जवळजवळ तितकी. त्याच्या कडेवर धुरकट निळसर पापुद्रा उठलेला दिसतो. चित्राच्या चौकटीबाहेर, वरच्या बाजूला, अतिशय तप्त अशा तरुण ताऱ्यांचा एक गुच्छ आहे आणि त्यांच्या अतिनील प्रकाशामुळे खांबांच्या पृष्ठभागावरचा वायू तापून उडून जात आहे. तोच हा पापुद्रा. जिथे वायू जास्त दाट होता तिथे तो टिकून राहिला आणि त्याच्या आडोशाने मागचा भागही वाचला, म्हणून खांबांचा हा आकार तयार झाला. टोकावर बोटांसारखे जे लहान फुगवटे दिसतात त्यांतला प्रत्येक आपल्या सूर्यमालेहून मोठा आहे आणि त्यांतल्या काहींच्या पोटात नवे तारे जन्मत आहेत. रंगांची विभागणी केली नसती तर कुठे वायू नुसता तापला आहे आणि कुठे तो जोरदार अतिनील माऱ्याखाली आहे, हे या चित्रातून वाचताच आले नसते.

२०१४ मध्ये हबलच्या नव्या कॅमेऱ्याने तोच भाग पुन्हा टिपला आणि दोन चित्रे शेजारी ठेवल्यावर एक वेगळीच गोष्ट हाती लागली. एका नवजात ताऱ्यातून निघालेला वायूचा झोत मधल्या १९ वर्षांत लांबलेला होता, आणि त्यावरून त्याचा वेग ताशी सुमारे ७ लाख किलोमीटर असल्याचे काढता आले. सुंदर म्हणून भिंतीवर लावले गेलेले चित्र अशा रीतीने मोजपट्टी झाले. हे खांब केव्हाच नष्ट झाले आहेत, फक्त त्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत येतो आहे, अशीही एक बातमी २००७ पासून फिरते. त्या वेळी अवरक्त निरीक्षणांवरून जवळपास एखाद्या ताऱ्याचा स्फोट झाला असावा असा अंदाज मांडला गेला होता, पण पुढच्या निरीक्षणांनी त्याला बळ मिळाले नाही. २०१५ मध्ये चिलीतल्या दुर्बिणीतून केलेल्या मोजमापानुसार हे खांब दर दहा लाख वर्षांत सुमारे ७० सूर्यांइतके वस्तुमान गमावत आहेत आणि त्यांचे एकूण वस्तुमान सुमारे २०० सूर्यांइतके आहे. या हिशेबाने ते अजून साधारण ३० लाख वर्षे टिकावेत.

ऑक्सिजनच्या त्या निळ्या रंगामागे एक जुनी कहाणी आहे आणि तिचे दुसरे टोक थेट कोल्हापूरपर्यंत येते. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या उपकरणातून, पाहिला, तेव्हा त्यांना अशा हिरव्या रेषा दिसल्या की ज्या पृथ्वीवरच्या कोणत्याही पदार्थाशी जुळत नव्हत्या. हे एखादे नवे मूलद्रव्य असावे असे समजून पुढे त्याला ‘नेब्युलियम’ असे नावही मिळाले. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की हा साधा ऑक्सिजनच आहे. पृथ्वीवर हवा इतकी दाट असते की ऊर्जा मिळालेला अणू हा प्रकाश सोडण्याआधीच शेजारच्या अणूला धडकतो आणि ती ऊर्जा धडकेत संपून जाते. तेजोमेघातला वायू प्रयोगशाळेतल्या उत्तम निर्वात पोकळीपेक्षाही विरळ असतो, अणूला पुरेसा निवांतपणा मिळतो, आणि मग तो प्रकाश बाहेर पडतो.

असा निवांतपणा आपल्या डोक्यावर, वातावरणाच्या वरच्या थरांतही आहे. सुमारे ९७ किलोमीटर उंचीवर साधा ऑक्सिजन अणू रात्रभर ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सोडत असतो आणि सुमारे २५० किलोमीटर उंचीवर ६३० नॅनोमीटरचा लाल. या लाल प्रकाशासाठी अणूला मिनिट-दोन मिनिटे कोणाची धडक न लागता थांबावे लागते, त्यामुळे तो इतक्या उंचीवरच निर्माण होऊ शकतो. हा उजेड डोळ्यांना जाणवत नाही, पण शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या केंद्रातून अशा कॅमेऱ्याने त्याची चित्रे घेतली गेली आहेत, ज्याचे भिंग एका वेळी सगळे आकाश पाहते आणि ज्यात याच तरंगलांबींचे अरुंद फिल्टर असतात. निरभ्र आणि चांदणे नसलेल्या रात्री घेतलेल्या त्या लाल प्रकाशाच्या चित्रांत कधीकधी उत्तर-दक्षिण पसरलेले काळे पट्टे पूर्वेकडे सरकताना दिसतात. आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, असे कण ज्या भागात कमी झालेले असतात त्या पोकळ्यांच्या या सावल्या. अशा पोकळीतून जाताना उपग्रहांकडून येणारे रेडिओ संदेश थरथरतात आणि जीपीएसचे अंतर चुकू शकते, म्हणून त्यांचा अभ्यास होतो. ही चित्रे कोणी पोस्टर करून लावणार नाही, पण पद्धत अगदी तीच आहे: एक अरुंद फिल्टर, एक कृष्णधवल चित्र, आणि त्यातल्या उजेड-अंधाराचा अर्थ. आपल्या शहराच्या आकाशाची ही नोंद हबलच्या चित्रांइतकीच अभिमानाने शाळांमधून दाखवली जावी, असे मला मनापासून वाटते.

आतापर्यंतचे रंग निदान डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशातले तरी होते. २५ डिसेंबर २०२१ रोजी प्रक्षेपित झालेली जेम्स वेब दुर्बीण मुख्यतः अवरक्त प्रकाश टिपते, म्हणजे ज्याला मानवी डोळ्यांच्या लेखी रंगच नाही. मग जुलै २०२२ मध्ये जगभर गाजलेल्या तिच्या चित्रांतले केशरी आणि निळे रंग कुठून आले? ज्या शहरात अल्लादियाखाँसाहेबांची गायकी रुजली, तिथल्या वाचकाला हे पट्टीच्या उदाहरणाने चटकन कळेल. गाणाऱ्याच्या गळ्याला झेपत नसेल तर चीज खालच्या पट्टीत गातात; प्रत्येक स्वर बदलतो, पण स्वरांमधली अंतरे आणि त्यांचा क्रम तसाच राहतो, म्हणून राग तोच राहतो. वेबच्या चित्रांत सर्वांत लांब तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाला लाल, सर्वांत आखूड तरंगलांबीला निळा, आणि मधल्यांना मधले रंग दिले जातात. चित्रात जे जास्त लालसर दिसते ते प्रत्यक्षातही अधिक लांब तरंगलांबीचे असते.

अवरक्त प्रकाशाची गरज दोन कारणांनी पडते. धुळीचे ढग दृश्य प्रकाशाला अडवतात, पण अवरक्त प्रकाश त्यांतून बराचसा पार होतो, त्यामुळे वेबने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्याच खांबांच्या चित्रात ते अर्धपारदर्शक दिसतात आणि आतले शेकडो तारे उघडे पडतात. दुसरे कारण विश्वाच्या प्रसरणाचे. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश वाटेत ताणला जाऊन त्याची तरंगलांबी वाढते, आणि सर्वांत प्राचीन दीर्घिकांचा दृश्य प्रकाश आपल्यापर्यंत अवरक्त होऊनच येतो. वेबच्या चित्रांत तेजस्वी ताऱ्यांभोवती दिसणाऱ्या आठ टोकांच्या चांदण्या मात्र ताऱ्यांच्या नाहीत. त्या दुर्बिणीच्या षटकोनी आरशांमुळे आणि पुढचा आरसा धरून ठेवणाऱ्या दांड्यांमुळे उमटतात. हबलच्या चित्रांत अशी चारच टोके असतात, म्हणून कोणते चित्र कोणत्या दुर्बिणीचे हे त्यावरूनही ओळखता येते.

पट्टी बदलण्याचा प्रकार ध्वनीबाबतही झाला आहे. ययाति तारकासमूहातल्या दीर्घिकांच्या समूहात तप्त वायूमधून जाणाऱ्या दाबाच्या लहरी चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने शोधल्या, आणि २००३ मध्ये त्यांचा स्वर पियानोच्या मध्यावरून ५७ सप्तके खाली असल्याचे सांगितले गेले. २०२२ मध्ये नासाने तो तितकाच वर आणून ऐकवला. ‘कृष्णविवराचा आवाज’ म्हणून जी ध्वनिफीत आपल्यापर्यंत आली ती हीच. ही दुर्बीण ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते भारतात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर.

खरी कसोटी लागली ती कृष्णविवराच्या चित्राला. १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झालेले केशरी कड्याचे ते चित्र पाहून अनेकांनी ‘एवढे अस्पष्ट का?’ असे विचारले होते. कन्या तारकासमूहाच्या दिशेला साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एम ८७ या दीर्घिकेच्या मध्यावरचे हे कृष्णविवर सुमारे ६५० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचे आहे, पण अंतर इतके प्रचंड की त्याचे कडे आकाशात जेमतेम ४२ मायक्रोसेकंद कोनाचे दिसते. एका अंशाचे ३,६०० भाग केले की एक कोनीय सेकंद होतो, आणि त्याचे दहा लाख भाग केले की एक मायक्रोसेकंद. दुर्बीण किती बारीक तपशील पाहू शकते हे तिचा व्यास आणि वापरलेली तरंगलांबी यांवर ठरते, आणि इथे वापरलेल्या १.३ मिलिमीटरच्या रेडिओ लहरींसाठी जवळजवळ पृथ्वीएवढी दुर्बीण लागणार होती.

अशी दुर्बीण बांधता येत नाही, पण तिचे तुकडे जगभर ठेवता येतात. नारायणगावजवळच्या खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरवून जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण याच तत्त्वावर उभी आहे. कृष्णविवरासाठी एप्रिल २०१७ मध्ये हवाई, ॲरिझोना, मेक्सिको, चिली, स्पेन आणि दक्षिण ध्रुव या सहा ठिकाणच्या आठ दुर्बिणी एकत्र जोडल्या गेल्या; दक्षिण ध्रुवावरून एम ८७ दिसत नसल्याने तिकडे मात्र बाकीच्या सातच एकाच वेळी वळवल्या गेल्या. प्रत्येक ठिकाणी अणुघड्याळाने वेळ नोंदवली जात होती. जमा झालेली माहिती सुमारे ५,००० टेराबाइट होती, इतकी की ती इंटरनेटवरून पाठवणे शक्य नव्हते. हार्ड डिस्क विमानाने आणाव्या लागल्या, आणि दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तिथला हिवाळा संपेपर्यंत अडकून पडल्या. पृथ्वीएवढ्या आरशातले सातच ठिपके हाती असल्यामुळे मधल्या जागा गणिताने भराव्या लागतात, आणि इथेच फसगत होण्याचा धोका सर्वांत मोठा होता. म्हणून चार गट केले गेले, त्यांनी एकमेकांशी न बोलता स्वतंत्रपणे चित्र तयार केले, आणि चौघांकडेही कडेच आले. मला या सगळ्या कथेत हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याला जे दिसावे असे वाटते तेच आपण पाहत नाही ना, याची तपासणी त्यांनी जगाला दाखवण्याआधी स्वतःच करून घेतली.

त्या चित्रातला केशरी रंग निव्वळ निवडीचा आहे. रेडिओ लहरींना रंग नसतो आणि इथे एकच तरंगलांबी असल्याने रंगांचा क्रमही नाही. फक्त तीव्रता आहे. जिथे जास्त उजळ तिथे लहरी जास्त तीव्र. कड्याची खालची बाजू उजळ आहे, कारण तिथला वायू प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास जाणाऱ्या वेगाने आपल्या दिशेने येत आहे. २०१८ च्या निरीक्षणांवरून तयार झालेले चित्र २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा कड्याचा आकार तेवढाच राहिलेला आणि उजळ भाग सुमारे ३० अंशांनी सरकलेला आढळला. आकार कृष्णविवराचे वस्तुमान ठरवते आणि उजळपणा खळबळणारा वायू, त्यामुळे हे अपेक्षितच होते. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरच्या कृष्णविवराचे चित्र येण्यास मे २०२२ उजाडले. ते जवळ असूनही अवघड ठरले, कारण त्याचे वस्तुमान सुमारे ४० लाख सूर्यांइतकेच आहे आणि त्याच्याभोवतीचा वायू काही मिनिटांतच आपले रूप बदलतो.

एक प्रकार मात्र या सगळ्यांपासून वेगळा ठेवायला हवा. दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांची जी चित्रे वर्तमानपत्रांत येतात, त्यांवर समुद्र, ढग आणि डोंगर दिसतात; २०१७ मध्ये जाहीर झालेल्या ट्रॅपिस्ट-१ च्या सात ग्रहांची चित्रे अशीच होती. ती चित्रकारांनी काढलेली आहेत. प्रत्यक्षात मोजली गेली होती ती ग्रह समोरून जाताना ताऱ्याच्या प्रकाशात होणारी किंचितशी घट. मूळ प्रसिद्धीपत्रकात ‘कलाकाराची कल्पना’ असे लिहिलेले असते, पण चित्र पुढे पाठवताना ती ओळ गळून पडते. खगोलशास्त्र मराठी वाचकाच्या दारात आणणारे डॉ. जयंत नारळीकर १९३८ मध्ये कोल्हापुरातच जन्मले. हे कशावरून कळले, असे विचारण्याची सवय त्यांनी आयुष्यभर लोकांना लावली, आणि कोणत्याही चित्राला विचारण्याजोगा पहिला प्रश्न तोच आहे.

हे सारे स्वतः करून पाहायचे असेल तर थंडीत मृग नक्षत्रापासून सुरुवात करावी. शहराच्या दिव्यांपासून दूर, राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला किंवा पन्हाळ्यावर अमावास्येच्या आसपास गेल्यास, बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला एक अंधुक डाग नुसत्या डोळ्यांनीही सापडतो. हा सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूरचा तेजोमेघ. लहान दुर्बिणीतून तो राखाडी दिसतो आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याची बहुधा निराशा होते, पण त्यात दुर्बिणीचा दोष नसतो, कारण मंद उजेडात डोळ्यांच्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग ओळखता येत नाहीत. मग मोबाइल तिवईवर घट्ट बसवून रात्रीच्या मोडमध्ये फोटो घ्यावा. मोबाइल त्या वेळी अनेक छोटे फोटो घेऊन ते एकमेकांवर जुळवतो आणि त्यांची बेरीज करतो. त्या बेरजेत डागाला फिकट गुलाबी छटा येते. ती हायड्रोजनची, ६५६ नॅनोमीटरची, आणि ती फिकट असण्याचे कारण असे की बहुतेक कॅमेऱ्यांत संवेदकासमोर बसवलेला अवरक्त रोखणारा फिल्टर या लाल प्रकाशाचाही बराचसा भाग अडवतो. म्हणूनच तेजोमेघांचे फोटो घेणारे हौशी लोक आपल्या कॅमेऱ्यातला तो फिल्टर काढून घेतात.